शेत कसणाऱ्याचे नाव यादीत कधी येणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात मक्त्याने, म्हणजे वर्षाला ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याचे शेत घेऊन, शेती करतो. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. पाच एकरांत सोयाबीन आणि तूर पेरतो. मक्त्याची रक्कम पाडव्याला रोख मोजावी लागते; पीक येवो न येवो, त्यात सूट नसते.

२०२५ च्या सप्टेंबरात पावसाने उघडीप दिलीच नाही. कापणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. शेंग सोलली की दाणा बोटाने दबायचा, काळा पडलेला. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा चिखलात मी आणि माझी बायको उभे होतो. शेत आम्हीच दाखवले, फोटोही आमचाच काढला. यादीत नाव मात्र मालकाचे आले, कारण सातबारा त्यांचा. सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते. बियाणे, खत, फवारणी, मजुरी ज्याने केली त्याच्या खात्यात यातला एक रुपयाही थेट येत नाही.

आमचे मालक भले आहेत. ते नागपुरात राहतात. आलेल्या पैशांतले निम्मे त्यांनी आपणहून दिले. आमच्या धुऱ्याला लागून मक्त्याने करणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला काहीच मिळाले नाही. तो मागणार तरी कसा? पुढच्या पाडव्याला शेत दुसऱ्याला गेले तर खाणार काय?

हे एका मदतीपुरते नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, दोन्ही जमीन नावावर असलेल्यालाच मिळतात. पीककर्ज सातबाऱ्यावर, म्हणून आम्ही बियाणे-खत उधारीवर उचलतो आणि दुकानदार सांगेल तो भाव देतो. हमीभावाने विकायचे तरी मालकाचाच सातबारा लागतो. पीकविम्यात भाडेकराराने शेती करणाऱ्याला जागा आहे, पण करार नोंदणीकृत हवा, आणि तसा लिहून देणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

यात मालकांनाही दोष देता येत नाही. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणारा विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा. कागद झाला की कूळ लागेल आणि जमीन जाईल, ही धास्ती घराघरांत आजही आहे. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, आणि तोंडी व्यवहारातला शेतकरी सरकारला दिसत नाही.

यावर तोड निघू शकते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून प्रत्यक्ष पीक घेणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड देणे सुरू केले. त्याने जमिनीवर हक्क येत नाही. तिथेही मालकाची संमती लागते, म्हणजे अडचण पुरती संपलेली नाही. पण जमीन जाणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहिले असेल तर संमती मागायला निदान तोंड राहते. महाराष्ट्राने असा कायदा करावा, ही माझी मागणी आहे.

तोवर एवढे तरी करा: पंचनाम्याच्या फॉर्मवर ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना वाढवा, गावातल्या दोघांच्या सह्यांनी त्याची खातरजमा करा आणि पीकनुकसानीचा निम्मा वाटा त्याच्या खात्यात टाका. कोणते शेत कोण करतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

आपला,
मक्त्याने शेती करणारा एक शेतकरी,
जि. यवतमाळ