पिकअपच्या आरसा-पट्टी किटबद्दल तक्रार: डावी काच सपाट, उजवी बहिर्गोल

नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे
दि. १६ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: पिकअपच्या आरसा-पट्टी किटमधला धोकादायक दोष आणि २४ एप्रिलच्या तक्रारीवर न झालेली कार्यवाही

महोदय,

मी स्वतःची बोलेरो पिकअप स्वतःच चालवतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला कॅरेट भरायचे, ओतूरवरून माळशेज घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला माल पोचवायचा, यावर माझे घर चालते. हौदा कॅरेटने भरला की केबिनमधल्या आरशात फक्त कॅरेटच दिसतात. मागचे जे काही बघायचे ते बाहेरच्या दोन आरशांत. जुन्या आरशांच्या काचा डागाळल्या होत्या, चाकांवरच्या काळ्या पट्ट्याही तुटल्या होत्या. म्हणून १२ एप्रिलला तुमच्या वेबसाइटवरून ६,८५० रुपये आगाऊ भरून संपूर्ण किट मागवले. खोक्यावर छापले होते, ‘भारतीय गाड्यांसाठी, उजव्या स्टिअरिंगकरिता. ड्रिल नको, घरच्या घरी तीस मिनिटांत बसवा.’

रविवारी, २० एप्रिलला मुलाला हाताशी घेऊन अंगणात काम काढले. आरसे बसवायला तीस मिनिटे नाही, अडीच तास लागले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. आरसे दिसायला देखणे होते आणि दाराला घट्ट बसले. मीही समाधानाने दोनदा गाडीभोवती फिरून आलो.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गावात गाडी डावीकडे वळवत होतो. आरशात पाहिले, रस्ता मोकळा. स्टिअरिंग फिरवले आणि शेजारी बसलेला मुलगा ओरडला, ‘पप्पा, थांबा!’ डाव्या दाराला लागून एक बाई स्कूटरवर होत्या, पुढे लहान मुलगी उभी. ब्रेक लागला म्हणून निभावले. त्या बाईंची चूक नव्हती. त्या मला आरशात दिसल्याच नव्हत्या, आणि वीस वर्षे गाडी चालवताना असे माझ्या बाबतीत कधी झालेले नाही.

घरी येऊन गाडी जागेवर उभी केली आणि मी सीटवर बसलो. मुलाला सायकल घेऊन हौद्यापासून चार हात अंतर ठेवून मागून पुढे चालत यायला सांगितले. डाव्या आरशात मागच्या चाकापर्यंत यायच्या आतच तो नाहीसा झाला. नंतर पुढच्या दारापाशी एकदम खिडकीतून दिसला. मधला सगळा पट्टा आंधळा. मग जुना डावा आरसा परत लावून तेच केले. त्यात त्याची सायकल दारापर्यंत दिसत राहिली.

दोन्ही नव्या काचा उन्हात धरून बघितल्यावर कारण कळले. डाव्या आरशाची काच सपाट आहे आणि उजव्याची बहिर्गोल, म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगीर. उजव्या काचेच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत, त्यांचा अर्थ असा की आरशात दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. तिथे चालकाच्या बाजूला सपाट काच असते आणि पलीकडच्या बाजूला बहिर्गोल काच बसवली तर तिच्यावर हे वाक्य असते. म्हणजे तुम्ही डाव्या स्टिअरिंगच्या काचा उजव्या स्टिअरिंगच्या खोक्यात घालून मला विकल्या. आपल्याकडे चालकापासून लांबची बाजू डावी, आणि दुचाक्या घुसतात त्याही डावीकडूनच. तिथेच नजर सर्वांत कमी पोचते. उजवीकडे उलटे झाले आहे. मागून येणारा ट्रक त्या बहिर्गोल काचेत लहान आणि लांब वाटतो. घाटात रात्री त्या भरवशावर मी गाडी बाहेर काढली तर काय होईल, हे तुम्हीच सांगा.

२२ एप्रिलला मी जुने आरसे परत चढवले आणि २४ तारखेला फोटो व सायकलचा व्हिडिओ जोडून तुम्हाला ईमेल केला. पहिले उत्तर आले की आरसा नीट ॲडजस्ट करा. सपाट काच कितीही फिरवली तरी ती सपाटच राहते. दुसरे उत्तर आले की तुम्ही घरी बसवले, म्हणून वॉरंटी गेली. घरी बसवा असे खोक्यावर तुम्हीच छापले आहे ना? तिसऱ्यांदा फोनवर सांगण्यात आले की गाडी धंद्याची आहे, त्यामुळे ग्राहक कायदा लागू नाही. हे साफ चुकीचे आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही, असे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येच म्हटले आहे. माझ्याकडे एकच गाडी आहे आणि तिचा ड्रायव्हरही मीच.

आता पट्ट्यांचे. किटमधल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पत्रा स्पिरिटने पुसला, सुकू दिला, पट्टी दाबून धरली आणि तीन दिवस गाडी धुतली नाही. तरीही मेच्या मध्यावर डाव्या मागच्या चाकावरची पट्टी मुरबाडच्या अलीकडे लोंबायला लागली. ती काढून पाहिली तर तिच्यामागची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पत्र्याला इतकी पक्की चिकटलेली की नखाने निघेना, आणि पट्टीच्या मागची बाजू मात्र गुळगुळीत, कोरडी. म्हणजे माझ्याकडची बाजू धरून राहिली आणि सुटली ती तुमच्या कारखान्यात चिकटवलेली बाजू. अशा तेलकट जातीच्या प्लास्टिकला टेप लावण्याआधी ती धरून राहावी म्हणून प्रायमरचा हात द्यावा लागतो, हे गॅरेजमधला पोरगाही जाणतो. उरलेल्या तीन पट्ट्या मेच्या उन्हाने वरून राखेसारख्या पांढुरक्या झाल्या आहेत. बोट फिरवले की बोटाला भुकटी लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे. किटचे पूर्ण ६,८५० रुपये परत करा आणि किट तुमच्या खर्चाने घेऊन जा. सगळे खोक्यात भरून ठेवले आहे, काचा शाबूत आहेत. दुसरी मागणी मला पैशापेक्षा मोठी वाटते. हे किट घेतलेल्या प्रत्येकाला फोन करून डावी काच तपासायला सांगा, आणि काचा बदलेपर्यंत वेबसाइटवरून ते काढून टाका. माझ्यासारखे कितीतरी पिकअपवाले रात्री याच रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या शेजारी ओरडून थांबवणारे कुणी असेलच असे नाही.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात ती निकाली काढायची असते. माझ्या तक्रारीला जवळपास दोन महिने होत आले. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, हे मी चौकशी करून घेतले आहे.

बिल, ईमेलच्या प्रती, दोन्ही काचांचे व सुटलेल्या पट्टीचे फोटो आणि सायकलचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. दुपारी दोननंतर मी घरी असतो, फोन तेव्हा करावा.

आपला,
एक पिकअप मालक-चालक