वर्दी नसलेल्या दिवसाबद्दल

एडिंबरा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

ती. आबांना आणि सौ. आईला माझा साष्टांग नमस्कार सांग. हे पत्र तुझे वाचून झाले की आबांना मोठ्याने वाचून दाखव, कारण यात आपल्या गोठ्याच्या आगीचा विषय आहे आणि ती आग त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे.

गेल्या रविवारी फोनवर तू जे बोललास ते आठवडाभर माझ्या डोक्यात घोळत आहे. अग्निशमन दलात रुजू होऊन तुला पाच महिने झाले, एवढ्या काळात वर्द्या, म्हणजे आग लागल्याच्या सूचना, मोजक्याच आल्या, आणि बाकीचे सगळे दिवस होज, म्हणजे पाणी मारायच्या लांब नळ्या, धुऊन वाळत घालण्यात, गाडीतले सामान उतरवून, मोजून पुन्हा जागच्या जागी लावण्यात आणि नोंदवहीत सह्या करण्यात गेले, असे तू म्हणालास. त्यातच फाटकाबाहेर दहा मिनिटे चहाला गेलास म्हणून वरिष्ठांनी तुला सगळ्यांदेखत झाडले. सगळ्यांदेखत बोलायला नको होते, असे मला आजही वाटते. परंतु पाळीत केंद्र सोडायचे नाही हा नियम म्हणजे शिस्तीचे खूळ आहे, असे तू जे म्हणालास ते मला पटलेले नाही, आणि फोनवर तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा नीट लिहून सांगावे म्हणून आज बसले आहे.

कामावर जाताना रोज मी सेंट जाइल्स कॅथीड्रलच्या मागच्या चौकातून जाते. तिथे जेम्स ब्रेडवुड या माणसाचा पुतळा आहे. १८२४ साली या शहराने अग्निशमन दल उभे केले आणि त्याचे प्रमुखपद ब्रेडवुडला दिले, तेव्हा तो चोवीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याच वयाचा होता. दल उभे राहून काही आठवडेच झाले होते आणि माणसांची तालीमही पुरी झाली नव्हती, तोच १५ नोव्हेंबरच्या रात्री इथल्या मुख्य रस्त्यावर आग लागली. ती काही दिवस धुमसत राहिली, तेरा माणसे गेली आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. गेलेल्यांत दलाचे दोन जवान होते. आगीपाशी शहरातले सगळे बडे अधिकारी जमले होते आणि जो तो जवानांना आपापला हुकूम देत होता. त्या गोंधळात कोणाचे ऐकायचे हेच जवानांना कळत नव्हते. पुढे चौकशी झाली आणि ठरले की आगीच्या जागी हुकूम एकाच माणसाचा चालेल, तो म्हणजे दलप्रमुखाचा. तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेला हा नियम इथे तेरा माणसे गेल्यावर ठरला.

आता आपल्या गोठ्याची आग आठव. तू तेव्हा पाळण्यात होतास, मी बारा वर्षांची होते. चैत्रातली भर दुपार होती, आधी कडब्याची गंजी पेटली आणि तिथून गोठ्याचे छप्पर. सगळी आळी धावली, पण जो तो स्वतंत्रपणे विहिरीकडे पळत होता, घागर भरून परत येईपर्यंत निम्मे पाणी रस्त्यात सांडत होते, आणि ओळ लावा असे म्हणणारे एकही माणूस तिथे नव्हते. कोणीतरी धूर बाहेर जावा म्हणून गोठ्याची मागची झापे काढली आणि वारा आत शिरताच आग दुप्पट झाली. तात्या म्हशींची दावी कापायला एकटेच आत गेले होते, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हशी बाहेर आल्या, सगळ्यांना बरे वाटले, आणि तेवढ्यात आबांना गोठ्याच्या उंबऱ्याशी तात्यांची पायताणे दिसली. ती पायताणे मला आजही दिसतात. एक उपडे पडले होते. आबा ओले पोते डोक्यावर घेऊन आत गेले आणि तात्यांना ओढून घेऊन आले. तात्या वाचले, पण त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत.

ब्रेडवुडने आपल्या माणसांना घालून दिलेले नियम मी इथे वाचले, तेव्हा त्यातला एकेक नियम वाचताना मला तो गोठा आठवत होता. पाणी हाताशी येईपर्यंत जळत्या घराची दारे-खिडक्या बंद ठेवावीत, कारण आगीला हवा मिळता कामा नये. पाणी धुरावर न मारता, आत शिरून प्रत्यक्ष जळणाऱ्या वस्तूवर मारावे. धुराने कोंडलेल्या खोलीत जमिनीलगत थोडी स्वच्छ हवा उरते, म्हणून तिथे हातापायांवर रांगत जावे. आणि आत कधीही एकट्याने जाऊ नये. दोघे असले म्हणजे एकाची शुद्ध हरपली तर दुसरा त्याला बाहेर ओढू शकतो. हे सारे त्याने १८३० साली पुस्तकरूपाने छापलेही, म्हणजे दोनशे वर्षे होत आली. आपल्या आळीत यातली एक गोष्ट जरी कोणाला ठाऊक असती, तरी तात्यांचा हात वाचला असता.

माणसे निवडण्याचीही त्याची पद्धत होती. छपराची कौले बसवणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे आणि लोहार अशा कारागिरांतून तो सतरा ते पंचवीस वर्षांची मुले घेई. कौले बसवणारा छपरावरून सहज चालतो, सुताराला आणि गवंड्याला भिंत किंवा तक्तपोशी कधी कोसळेल याचा अंदाज असतो, आणि लोहाराला धगीची सवय असते. या मुलांची कवायत पहाटे चार वाजता होत असे. त्या वेळी रस्त्यावर बघ्यांची गर्दी नसे, दिवसाच्या कामधंद्याचा खोळंबा होत नसे, आणि झोपेतून उठून अंधारात हात चालवण्याची सवय लागे. आगीच्या गोंगाटात तोंडी हुकूम ऐकू जात नाहीत म्हणून खलाशांची असते तशी शिट्टी तो वापरी, आणि कोणत्या शिट्टीला काय करायचे हे प्रत्येकाला पाठ असावे लागे. डोक्यावर कडक चामड्याचे शिरस्त्राण असे आणि त्याची मागची झालर मानेवर उतरे, कारण वरून गरम पाणी, निखारे आणि छपराचे वितळलेले शिसे गळत असे. तुझ्या हेल्मेटलाही मागे मानेवर येणारी पट्टी आहे; तुझा फोटो आईने पाठवला तेव्हा मी आधी तीच शोधली.

पुढे १८३३ च्या १ जानेवारीला लंडनच्या विमा कंपन्यांनी आपापली पथके एकत्र केली आणि ब्रेडवुडला तिकडे बोलावून घेतले. सुरुवातीला तेरा केंद्रे आणि ऐंशी माणसे एवढाच पसारा होता. हाताने चालवायच्या त्या बंबांचे दांडे दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगांना खालीवर करावे लागत, आणि त्यासाठी जमलेल्या लोकांतून माणसे घेऊन त्यांना तासाच्या हिशेबाने पैसे द्यावे लागत. लंडनमध्ये भरतीसाठी खलाशांना पसंती मिळाली, कारण त्यांना उंचीची भीती नसते, हुकूम ऐकण्याची सवय असते, आणि मुख्य म्हणजे रात्रीचा पहारा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. हे लोक केंद्रातच राहत, लग्न झालेल्यांची बायकामुलेही तिथेच असत, आणि परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकता येत नसे. लंडनमध्ये दोन पाळ्यांची पद्धत १९२० साली आली. तोपर्यंत फायरमन जवळजवळ अखंड कामावरच असे. तुझी पाळी संपते आणि तू घरी जेवायला येतोस, हे त्या लोकांच्या वाट्याला आलेले नव्हते. त्यांच्यावर तो अन्यायच होता असे माझे मत आहे, आणि पाळी संपल्यावर तुला कोणी विनाकारण थांबवून ठेवले तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण पाळीतल्या त्या दहा मिनिटांचे तसे नाही. वर्दी आली असती तर गाडी तुझ्यावाचून निघाली असती, आणि जोडीने आत जायच्या जागी तुझा जोडीदार एकटा उरला असता.

हे शिस्तीचे खूळ साहेबाच्या देशातून आले आहे, असे तू रागाच्या भरात म्हणालास. तसे मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे प्रकरण आहे, ते मिळवून वाच. प्रत्येक घरात पाण्याचे माठ, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी आणि चामड्याची पखाल तयार असावी, रस्त्यांवर भरलेल्या घागरींच्या रांगा असाव्यात, आणि विस्तवाशी काम करणाऱ्यांची वस्ती एका बाजूला असावी, असे त्यात सांगितले आहे. आग लागलेली पाहूनही जो घरमालक धावून जात नाही त्याला बारा पण (पण म्हणजे त्या काळचे नाणे) दंड आहे आणि भाडेकरूला सहा पण. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला चोपन्न पण. रोममध्ये ऑगस्टस बादशहाने इसवी सन ६ मध्ये रात्रीच्या पहाऱ्यासाठी आणि आगीसाठी सात पथके उभी केली. त्या दलाच्या प्रमुखाचे कर्तव्य त्यांच्या कायद्यात लिहिलेले आहे की त्याने रात्रभर जागे राहावे आणि पायात जोडे घालून, आकड्या आणि कुऱ्हाडी बरोबर घेऊन स्वतः गस्त घालावी. हा नियम खुद्द प्रमुखासाठी आहे. तुमचे वरिष्ठही रात्रीच्या पाळीत बूट काढत नाहीत असे तूच मला कौतुकाने सांगितले होतेस, ते मी विसरलेले नाही.

ब्रेडवुडचा शेवट तुला सांगितलाच पाहिजे, कारण सांगलीत राहून तुला तो अधिक कळेल. २२ जून १८६१ रोजी लंडनला थेम्स नदीकाठच्या गोदामांना आग लागली. आत ताग, कापूस, साखर, चहा आणि मसाले होते. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या आणि गुळाच्या गोदामांतून फिरताना जो वास येतो, जी पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेलेली दिसते, ते डोळ्यांसमोर आण. त्या इमारतींत आग अडवण्यासाठी लोखंडी दारे बसवलेली होती, पण ती उघडीच राहिली होती आणि आग एका गोदामातून दुसऱ्यात गेली. ब्रेडवुड आपल्या माणसांमधून फिरत होता. एका जवानाचा हात कापला होता, तेव्हा त्याने आपल्या गळ्यातला रुमाल सोडून त्याला बांधायला दिला असे सांगतात. त्यानंतर थोड्याच वेळात एक भिंत त्याच्या अंगावर कोसळली. आग दोन आठवडे जळत होती. ती दारे दिवस मावळताना कोणीतरी लावून घ्यायची, एवढेच काम होते, आणि ते काम वर्दी नसलेल्या दिवसाचे होते.

आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून का पाळतात हे तुला सांगायला नको. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस एकाच बोटीत भरलेला होता, आणि ती आग विझवायला गेलेले सहासष्ट जवान स्फोटात गेले. पुढच्या एप्रिलमध्ये तू पहिल्यांदा गणवेशात त्यांना मानवंदना द्यायला उभा राहशील. त्या दिवशी इथे पहाट असेल. आईला फोन चालू ठेवायला सांग, मला पाहायचे आहे.

म्हणून होज धुण्याचा कंटाळा करू नकोस. गाळ राहिला की तो कुजतो, आणि कुजलेला होज पाण्याच्या दाबाखाली नेमका आगीच्या तोंडाशी फाटतो, हे तूच मला जून महिन्यात समजावून सांगितलेस. नोंदवहीत सही करण्यापूर्वी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहा. नुसत्या नजरेने मोजून सही करू नकोस. २०१९ च्या महापुरात लोकांना बोटीतून काढायला तुमच्याच दलाची माणसे उतरली होती, तेव्हा जाकिटे आणि दोरही त्याच यादीत आहेत हे लक्षात ठेव.

आबांना सांग की उसाची तोड सुरू झाली आहे, तेव्हा पाचट पेटवताना बांधावर पाण्याची पिंपे भरून ठेवावीत, आणि कडब्याची नवी गंजी गोठ्यापासून लांब, विहिरीच्या अंगाला रचावी. तात्यांच्या हाताला थंडीत त्रास होतो, त्यांच्यासाठी लोकरी मोजे पाठवले आहेत, ते पोहोचले का ते कळव.

आणि कवायतीत तुझा जोडीदार कोण असतो, कुठल्या गावचा आहे, घरी कोण कोण आहे, हे मला तू एकदाही सांगितलेले नाहीस. येत्या सुट्टीच्या दिवशी त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन ये, आणि आबांना त्याच्याशेजारी बसव.

तुझी,
ताई