तलावाच्या पंपाची नवी मोटार : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोथरूड येथील आपल्या क्रीडा मंडळाच्या जलतरण तलावाचे पाणी फिरवणाऱ्या मुख्य पंपाची साडेसात अश्वशक्तीची मोटार जळाली असून, तेव्हापासून तलाव पोहण्यासाठी बंद ठेवावा लागला आहे. ही मोटार रिवाइंड न करता, म्हणजे आतल्या जळालेल्या तारा काढून नव्या न भरता, तिच्या जागी नवी बसवावी, असा निर्णय तलाव समितीने घेतला आहे आणि त्यासाठी कमी पडणारे ५५,००० रुपये आपणा सर्वांच्या सहकार्यातून उभे राहावेत, यासाठी हे आवाहन आहे. शाळांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की उन्हाळी बॅचसाठी मुलांची रीघ लागते. त्याआधी पाणी पोहण्यायोग्य झालेले असणे आवश्यक आहे.

पंप बंद असताना नुसते औषध टाकून तलाव का सुरू ठेवता येत नाही, असे काही पालकांनी विचारले आहे. आपला तलाव २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद असून त्याची सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे त्यात सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी साधारण सहा तासांत एकदा वाळूच्या फिल्टरमधून जाऊन परत यावे, या हिशोबाने पंप ताशी सुमारे ७३ हजार लिटर पाणी ओढतो. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम, तेल आणि धूळ फिल्टरमध्ये अडकते, आणि क्लोरीन तलावाच्या कानाकोपऱ्यांत सारख्या प्रमाणात पोहोचते, ते या फिरत्या पाण्यामुळेच. पाणी थांबले की एका कोपऱ्यात क्लोरीन जास्त तर दुसऱ्या कोपऱ्यात जवळजवळ नाही, अशी स्थिती होते. मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत १ ते ३ भाग आणि पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखणे अशा पाण्यात शक्य होत नाही, आणि तशा पाण्यात लहान मुलांना उतरवण्याची जबाबदारी समिती घेऊ शकत नाही.

मोटार जळण्याचे कारण सभासदांना नीट कळावे, कारण नव्या मोटारीबरोबर आणखी खर्च का धरला आहे, याचे उत्तर त्यातच आहे. मोटारीची टोकाची झाकणे उघडली तेव्हा आतील तारांच्या गुंडाळ्यांपैकी समोरासमोरचे दोन पट्टे कोळशासारखे काळे पडलेले होते आणि बाकीच्या गुंडाळ्यांवरचे व्हार्निश मात्र तांबूस, जसेच्या तसे होते. डेल्टा जोडणीच्या (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या) थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणाऱ्या, मोटारीत अशी खूण दिसली की ती एक फेज तुटलेल्या अवस्थेत चालत राहिली, असे समजावे. स्टार्टरमधील काँटॅक्टरचा, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, एक पॉइंट झिजून त्याचा संपर्क तुटला होता, आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार घरघरत फिरत राहिली. अशा वेळी आतल्या एका गुंडाळीवर इतरांच्या जवळपास दुप्पट विद्युतप्रवाहाचा भार येतो आणि ती थोड्याच वेळात जळते. जुन्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (जादा भार आल्यास मोटार बंद करणारे साधन) होता, परंतु एक फेज जाताच मोटार ताबडतोब बंद करणारे संरक्षण नव्हते. शिवाय पंपाचे मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग) झिरपत असल्याने शाफ्टवरून, म्हणजे त्या दांड्यावरून, उडणारे क्लोरीनमिश्रित पाणी मोटारीच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचत होते. तेथील ग्रीस धुऊन गेले होते आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके स्पष्ट दिसत होते.

ही मोटार यापूर्वी दोनदा रिवाइंड झाली आहे. तिसऱ्यांदाही करून घ्यावी, म्हणजे निम्म्याहून कमी खर्चात भागेल, अशी सूचना काही ज्येष्ठ सभासदांनी मनापासून केली, व समितीच्या बैठकीत तिच्यावर बराच वेळ चर्चा झाली. जळालेल्या तारा काढण्यासाठी मोटारीचा गाभा तापवावा लागतो. तो प्रमाणाबाहेर तापला तर पोलादाच्या पातळ पत्र्यांमधले विद्युतरोधक आवरण खराब होते, मोटार चालताना अधिक गरम होऊ लागते आणि तेवढेच पाणी ओढण्यासाठी जास्त वीज घेते. त्यातच शाफ्टची बेअरिंग बसण्याची जागाही आता झिजली आहे. पंप पूर्ण भाराने रोज बारा तास चालला तर सुमारे ७० युनिट वीज लागते. चालू दराने दोन-तीन महिन्यांचे बिल नव्या मोटारीच्या किमतीच्या घरात जाते. जी वस्तू वर्षानुवर्षे एवढी वीज खाणार आहे, तिच्या खरेदीत काही हजार वाचवून जुनेच दुखणे पुढे चालवणे समितीला पटले नाही. नवी मोटार आयई-३ दर्जाची, म्हणजे वीज वाचवण्यात आयई-२ च्या वरच्या श्रेणीची, असेल. या क्षमतेच्या, मिनिटाला सुमारे २,९०० फेरे फिरणाऱ्या अशा मोटारीची कार्यक्षमता पूर्ण भाराला ८९.२ टक्के असते, तर आयई-२ दर्जाच्या मोटारीची ८७ टक्के. फरक फार मोठा नाही, तरी दररोज चालणाऱ्या यंत्रात तो दरमहा बिलात उतरतो.

दहा अश्वशक्तीची मोटार घेतल्यास पाणी अधिक वेगाने स्वच्छ होईल, असेही सुचवले गेले. पंप तोच, पाइप तेच आणि फेऱ्यांची गतीही तीच असेल, तर मोठ्या मोटारीने पाणी वाढत नाही. वाढवलेच, तर वाळूच्या थरातून ते इतक्या जोरात जाईल की अडकायला हवा तो गाळ पुढे निसटेल. म्हणून क्षमता तीच ठेवली आहे. फ्रेमचा आकारही तोच, म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत १३२ मिलिमीटर उंचीचा, निवडला आहे, त्यामुळे सध्याचे काँक्रीटचे फाउंडेशन फोडावे लागणार नाही आणि कपलिंगचे (मोटार व पंप जोडणाऱ्या भागाचे) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही दांडे एका रेषेत आणणे, एका दिवसात पूर्ण होऊ शकेल.

घाई आहे ती पाण्यामुळे. सध्या तलावातले पाणी टिकवून धरण्यासाठी आपले दोन्ही कर्मचारी ऊन उतरल्यावर क्लोरीनचे द्रावण बादल्यांनी चारही कडांना सोडतात, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडून जाते, आणि सकाळी जाळीने पाला-कचरा काढतात. त्यांच्या कष्टांमुळेच पाणी अजून हिरवे पडलेले नाही. मात्र ही व्यवस्था फार दिवस पुरणार नाही. एकदा शेवाळ धरले आणि डासांच्या अळ्या दिसू लागल्या, की सगळे पाणी सोडून द्यावे लागेल, आणि तलाव पुन्हा भरायचा म्हणजे दहा हजार लिटरचे ४४ टँकर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतल्या साठ्याकडे सगळे शहर डोळे लावून बसलेले असताना भर उन्हाळ्यात इतके पाणी गटारात सोडणे आपल्यापैकी कोणालाही पटणार नाही. मोटार वेळेत बसली तर हे पाणी फिल्टर करून वापरता येते.

प्राप्त दरपत्रकांनुसार मोटारीला ४२,००० रुपये, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरसह (एक फेज जाताच मोटार बंद करणाऱ्या साधनासह) नव्या स्टार्टर पॅनेलला १८,००० रुपये, पंपाचे नवे मेकॅनिकल सील, बुश व कपलिंगचे रबर यांना ११,००० रुपये, आणि केबल, अर्थिंग व मजुरी मिळून १४,००० रुपये, असा एकूण ८५,००० रुपये खर्च येईल. देखभाल निधीतून ३०,००० रुपये देता येतात. त्यापेक्षा अधिक रक्कम काढली तर जीवरक्षकांचे मानधन अडेल, आणि त्याला हात लावायचा नाही, यावर समितीचे एकमत आहे.

या तलावावर केवळ हौशी पोहणारे अवलंबून नाहीत. गुडघेदुखीमुळे जिना चढणे कठीण झालेले आजी-आजोबा सकाळच्या बॅचला पाण्यात चालण्याचा व्यायाम करतात. दुपारच्या महिलांच्या बॅचमध्ये पन्नाशीनंतर पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या भगिनी आहेत. शनिवारी एक तास दिव्यांग मुलांसाठी विनामूल्य राखून ठेवलेला आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. शनिवारी येणाऱ्या मुलांपैकी प्रत्येकाने पदक मिळवावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. मात्र जमिनीवर ज्या मुलाला दोन पावले टाकायला आधार लागतो, तेच मूल पाण्यात कठडा सोडून स्वतःहून पाय मारू लागते, हे आम्ही दर आठवड्याला पाहतो, आणि तो तास बंद राहिल्याची खंत आम्हाला सर्वांत अधिक आहे. शिवाय दर उन्हाळ्यात धरणावर किंवा कालव्यात पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. प्रशिक्षक आणि जीवरक्षक यांच्या नजरेखाली पोहायला शिकण्याची जागा या दिवसांत बंद राहू नये.

आपण यथाशक्ती द्यावे. किमान रकमेचे बंधन नाही आणि देणगीच्या आकड्यानुसार कोणाचेही नाव फलकावर वर किंवा खाली लागणार नाही. देणगी शक्यतो मंडळाच्या नावे धनादेशाने किंवा बँकेतून थेट द्यावी. खाते क्रमांक व क्यूआर कोड कार्यालयातील सूचनाफलकावर लावला आहे. रोख रक्कम केवळ कार्यालयातच, संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत स्वीकारली जाईल, आणि प्रत्येक देणगीची छापील पावती मिळेल. घरोघरी वर्गणी मागण्यासाठी समितीने कोणालाही नेमलेले नाही. ज्यांना पैशाऐवजी कामाने मदत करायची आहे, अशा इलेक्ट्रिशियन व फिटर बंधूंनी जोडणीच्या दिवशी यावे. फेज तपासून मोटार योग्य दिशेने फिरते की नाही, हे कपलिंग जोडण्यापूर्वी पाहायचे आहे आणि त्यासाठी जाणकार हात हवे आहेत.

मोटारीचे बिल, हमीपत्र आणि जमा-खर्चाचा संपूर्ण तपशील काम पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत फलकावर लावला जाईल. गरजेपेक्षा अधिक निधी जमल्यास तो राखीव पंपाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवला जाईल व त्याचा हिशोब वार्षिक सभेपुढे मांडला जाईल.

आपली नम्र,
तलाव व्यवस्थापन समिती
कोथरूड, पुणे