डेल्फ्टच्या त्या बाईंचे आभार

गेल्या जूनमध्ये मी बाबांसह नेदरलँड्सला गेलो होतो. व्हर्मीरचे एकही मूळ चित्र आज त्याच्या डेल्फ्ट गावात नाही, म्हणून हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये त्याने रंगवलेले डेल्फ्टचे दृश्य डोळे भरून पाहिल्यावरच आम्ही एक नंबरच्या ट्रामने त्या गावी पोहोचलो. तिथल्या एका छोट्या कलादालनात शिरल्यावर बाबांच्या ध्यानात आले की, मधुमेहाच्या गोळ्या आणि रंकाळ्याच्या रेखाटनांची वही असलेली पिशवी ट्राममध्येच राहिली आहे. (विसरभोळेपणा आमच्या घराण्यातलाच.)

दालन सांभाळणाऱ्या बाईंनी बाबांना स्वतःची खुर्ची दिली, ठिकठिकाणी फोन केले आणि पिशवी शेवटच्या थांब्यावर चालकाकडे असल्याचे कळताच, भिंतींवरच्या चित्रांसह सारे दालन आम्हा अनोळखी माणसांवर सोपवून त्या सायकलने निघाल्या. जाताना बाबांच्या हाती कागद आणि कोळशाची कांडी ठेवायला मात्र त्या विसरल्या नाहीत. पाऊण तासाने त्या परतल्या, तेव्हा त्या कागदावर पंचगंगेचा घाट उतरला होता आणि बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी पुष्कळशी ओसरली होती.

त्या गडबडीत नाव विचारायचे राहून गेले. घाटाचे ते चित्र त्यांच्याकडेच आहे. बाई, कोल्हापुरातून आम्हा दोघांचे मनःपूर्वक आभार.