सूचना : मुलांच्या मूत्रपिंडासाठी मोबाइलवरचे संदेश

मूत्रपिंड दुखावलेल्या मुलांच्या सर्व पालकांना नमस्कार,

येत्या रविवारपासून रोज रात्री ८ वाजता या गटावर दोन मिनिटांचा मराठी ऑडिओ येईल. तो घरातल्या आजी-आजोबांनाही नक्की ऐकवा. इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांची मुलं दुपारी त्यांच्याकडेच असतात, आणि अशक्तपणा जावा म्हणून शहाळं किंवा केळं मायेनं दिलं जातं. दोन्हींत पोटॅशियम हा क्षार भरपूर. मूत्रपिंड दुखावलेलं असताना ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा डॉक्टरांनी आखून दिलेला आहारच पाळा.

लघवीची नोंद वहीत करून फोटो डॉक्टरांना दाखवा. १० किलोच्या मुलाला सहा तासांत ३० मिलीहूनही कमी लघवी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. चेहऱ्यावर सूज, धाप किंवा गुंगी असेल तर थेट दवाखाना गाठा. गटावर विचारण्यात वेळ घालवू नका.

ताप-दुखण्यावर आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका. खोकल्याचं औषधही नाही. २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं लहानग्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

मूल खेळायला लागलं तरी तीन महिन्यांनी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंड कसं चालतंय हे दाखवणारा रक्तातला घटक) तपासणी करायचीच आहे. तारखेची आठवण गटावर येईल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची नावं शनिवारपर्यंत कळवा, त्यांना आम्ही फोन करून सांगू.