न्यायाधीशाचं राजकारण झाकू नका: कायदामंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री यांस,
स. न. वि. वि.

2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी सत्ताधारी पक्षाच्या एका माजी प्रवक्त्यांचं नाव आलं आणि गदारोळ झाला. राजकारणातला माणूस न्यायाधीश होऊच नये, असं मी म्हणत नाही. न्या. कृष्णा अय्यर केरळात मंत्रीच होते. माझी तक्रार आहे ती पडद्याआडच्या कारभाराबद्दल.

अमेरिकेतले ॲबनर मिक्वा बघा. 1948 मध्ये, कायद्याचं शिक्षण घेत असताना, ते निवडणुकीचं काम मागायला शिकागोतल्या वॉर्डाच्या कचेरीत गेले. पुढाऱ्याने विचारलं, कोणी पाठवलं? कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना वाटेला लावलं. (वशिल्याच्या बाबतीत शिकागो काय नि आपण काय!) तरी ते इलिनॉयच्या विधिमंडळात आणि पुढे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आलेच. 1979 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयासाठी निवडलं.

बंदुकांवर निर्बंध हवेत, हे मिक्वांचं जाहीर मत. साहजिकच नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना आडवी आली. तिथे अशा नेमणुकीला सेनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी लागते. सेनेटच्या समितीपुढे उघड सुनावणी झाली, मग मतदान: 58 विरुद्ध 31. तरीही आयडाहोचे सेनेटर मॅक्ल्युअर कोर्टात गेले. मिक्वा खासदार असताना न्यायाधीशांचे पगार वाढले, म्हणून घटनेनुसार ते अपात्र, असा त्यांचा मुद्दा. तो दावा करण्याचा त्यांचा अधिकारच कोर्टाने मानला नाही. पण आक्षेप काय होता आणि विरोधात कोण होतं, हे आजही कुणालाही वाचता येतं. आपल्याकडे असं काय वाचायला मिळतं?

मिक्वा पंधरा वर्षं न्यायासनावर होते, शेवटी मुख्य न्यायाधीश. 1993 मध्ये, समलिंगी असल्याचं सांगितल्यामुळे नौदल अकादमी सोडावी लागलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने त्यांनी निकाल लिहिला. पुढच्या वर्षी पूर्ण पीठाने तो फिरवला.

मला खटकतं ते त्यांचं जाणं. 1994 मध्ये न्यायासन सोडून ते थेट अध्यक्ष क्लिंटन यांचे कायदा सल्लागार झाले. आपले बहारुल इस्लाम तर राज्यसभेतून उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात आणि 1983 मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत.

साहेब, नावं न्यायवृंद (ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम) सुचवतो, हे मान्य. पण नियुक्तीची कार्यपद्धती ठरवताना सरकारही असतंच ना? उमेदवाराने भूषवलेली पक्षपदं, लढवलेल्या निवडणुका, पक्षासाठी चालवलेले खटले नियुक्तीआधी प्रसिद्ध करा. पायउतार झाल्यावर काही वर्षं पक्षाचं वा सरकारचं पद नको, असं बंधनही घाला. दुसऱ्या मागणीला वेळ लागेल. पहिलीला घटनादुरुस्ती लागत नाही.

कळावे,
पुण्यातला एक वकील