बाबा, पुढच्या वेळी उपाशी बसू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

इंदूरहून पुण्याला येऊन चार दिवस झाले. फोनवर रोज बोलतो आपण, पण त्या मंगळवारचा विषय निघाला की बाबा "चालायचंच" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसले.

बाबांच्या डायबिटीसच्या डॉक्टरांकडे आपल्याला ११:२० ची वेळ दिली होती. रामबागेतून वेळेत निघालो, अकराला गीता भवनपाशी दवाखान्यात खुर्चीवर होतो. आत बोलावलं दोन वाजून पाच मिनिटांनी. डॉक्टर अजून दुसऱ्या हॉस्पिटलात राउंडवर आहेत, एवढंही कुणी येऊन सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "अंकलजी, बस दो नंबर और." शेजारी विचारलं तर ११:२० चीच वेळ आणखी तिघांना दिलेली. एखादा आला नाही तर डॉक्टरांना रिकामं बसावं लागू नये म्हणून असं करतात, हे कळतं मला. पण सगळेच आले की तो वेळ पेशंटच्या वाट्याचा जातो. त्यात मधूनमधून रिपोर्ट दाखवणारे, ओळखीचे, औषध कंपन्यांचे एमआर. कुणी अत्यवस्थ आला असता तर मी तीन तास ब्र न काढता बसले असते.

भीती वाटली ती दीड वाजता. बाबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले, आणि आई म्हणाली, "उकडत असेल." एसी चालू होता. सिस्टरनं बोट टोचून साखर बघितली तर ६२. सकाळी आठला ग्लिमेपिराइडची गोळी, त्यावर चार घास पोहे, आणि घरी साडेबाराला पानावर बसणारा माणूस नंबर जाईल म्हणून जागचा हलला नाही. ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. जेवण लांबलं की साखर खाली येऊ शकते. ७० च्या खाली दिसली की लगेच चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, चढली की जेवायचं. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात सावकाश जाते. आणि आई, या वयात हे नुसतं थकल्यासारखंही दिसतं, तेव्हा "उकडत असेल" म्हणून सोडू नकोस. डायबिटीसच्या डॉक्टरांच्या दारात बसून माझ्या बाबांची साखर उतरली, हे मला अजून सहन होत नाही.

तेव्हा मी काउंटरवर मोठ्यानं बोलले. बाबा, रिक्षात तुम्ही गप्प होतात. त्या मुलीवर आवाज चढवला ही माझी चूक, तिच्या हातात काहीच नव्हतं. जाब विचारला त्याचं मात्र वाईट वाटत नाही. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "आम्हाला कुठं ऑफिस गाठायचंय?" ते मला फार लागलं.

तुम्ही पेन्शनच्या काउंटरवर बसायचात तेव्हा मी शाळा सुटल्यावर मागच्या स्टुलावर येऊन बसायचे. पहिल्या तारखेला रोकड यायला उशीर झाला की तुम्ही उठून बाहेर यायचात आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगायचात, "अजून तासभर लागेल, जेवून या, तुमचा नंबर जाणार नाही." त्यांच्यापैकी कुणाला ऑफिस गाठायचं होतं? तरी त्यांचा वेळ तुम्ही वेळच मानलात. मंगळवारी मला एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तिथे आपल्या शेजारी बसलेल्या खरगोनच्या काकू पहाटे निघाल्या होत्या, परतीच्या बसच्या काळजीत सारखं घड्याळ बघत होत्या. त्यांना जेवायला जायला घरही जवळ नव्हतं.

डॉक्टर माणूस चांगला आहे. आत गेल्यावर त्यांनी नीट ऐकलं, गोळीचा डोस कमी केला. म्हणून डॉक्टर बदला असं मी म्हणत नाही. त्यांना मी सविस्तर चिठ्ठी पाठवली आहे, ६२ चा आकडाही लिहिलाय. नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तेव्हा व्हिडिओवर बघाल का, तेही विचारलंय. मार्च २०२० मध्ये सरकारनं त्याचे नियम काढले आहेत, जुन्या पेशंटला त्यावर औषध लिहून देता येतं.

सोळा तारखेची सकाळची पहिली वेळ मी घेतली आहे, कारण पहिल्या नंबराच्या आधी कुणाचा उशीर साठलेला नसतो. तरी निघण्याआधी फोन करून डॉक्टर बसले का ते विचारा. पर्समध्ये ग्लुकोजची पूड आणि पोळीभाजीचा डबा असू दे. जेवायची वेळ झाली की बाबांनी सरळ डबा उघडायचा, नंबर गेला तर जाऊ दे.

पंधराच्या सकाळी मी इंदूरला पोचते. आई, त्या लोखंडी खुर्चीवर तुझे गुडघे आणि कंबर धरली होती ना, एक छोटी उशी शिवून घेतली आहे, ती घेऊन येतेय.

तुमची,
मनू